एमरीची रेकॉर्ड आणि हर्शलचं कुंपण

एमरी स्टॅनफिलच्या शब्दावर टकर्स गॅपमध्ये कुणीही डोळे मिटून विश्वास ठेवी. एकतीस वर्षं त्यानं या डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर टपाल वाटलं होतं. एमरी म्हणाला पत्र आलं नाही, म्हणजे ते आलेलं नसायचं. एमरी म्हणाला ओढ्याला पाणी चढलंय, तर लोक खिडकीतून बघायचेही कष्ट घेत नसत. अख्ख्या वस्तीत त्याच्यावर विश्वास न ठेवणारं माणूस एकच होतं, आणि दुर्दैवानं ते त्याच्याच घरात राहत होतं.

तशी त्याची बायको ओनीटा हिला बाकी सगळ्या बाबतींत नवऱ्याचा पूर्ण भरवसा होता. प्रश्न एकाच गोष्टीचा होता. एमरीचं म्हणणं असं की एकोणीस वर्षांचा असताना त्यानं एका रेकॉर्डवर स्टील गिटार वाजवली होती. स्टील गिटार म्हणजे मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून लोखंडी दांडी फिरवत वाजवायची ती गिटार. ती चांगली वाजली तर माणसं रडतात, वाईट वाजली तर कुत्री. बँडचं नाव होतं ‘गॅप हॉलोचे चौघे’. त्यात माणसं पाच होती, पण पाचवा म्हणजे एमरी, आणि तो नाव ठरल्यावर आला होता. नॉक्सव्हिलला एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी एका दुपारी दोन गाणी भरली, रेकॉर्डच्या काही प्रती निघाल्या, एक रेडिओवर एकदा वाजलीसुद्धा. मग गायक लग्न करून ओहायोला मोटारींच्या कारखान्यात गेला आणि चौघांचे पाचही जण पांगले.

एमरीकडे एक प्रत होती. ती त्याच्या आईनं शेगडीशेजारी ठेवली आणि उष्णतेनं तिची वाटी झाली. आईनं त्यात बटणं ठेवली. लग्नानंतर एमरीनं ती मोठ्या अभिमानानं बायकोला दाखवली, तेव्हा ओनीटानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘ही वाटी आहे.’’ गिटार त्याच्याकडे होती हे ती मानायची, कारण ती विकूनच त्यानं तिला अंगठी केली होती. म्हणजे अर्धा पुरावा तिच्याच बोटात होता, पण तो वाजत नव्हता. ओनीटा चर्चमध्ये पियानो वाजवायची, त्यामुळे संगीताच्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा. एमरीनं ती गोष्ट पाहुण्यांना सांगायला घेतली की ती भांडी आवरता आवरता फक्त ‘‘हं’’ म्हणे. शिवी सोसता येते, पण बायकोचं ‘हं’ छत्तीस वर्षं सोसायचं म्हणजे गंमत नाही.

आणि मग मे महिन्यातल्या एका सोमवारी डेलमार रकरचा फोन आला.

डेलमार हा कौंटीच्या रेडिओ स्टेशनचा निवेदक, बातम्या देणारा, झाडू मारणारा आणि मालक. दर शनिवारी दुपारी बारा ते एक त्याचा जुन्या रेकॉर्डींचा कार्यक्रम असे. आधी हवामान, मग गुरांचे भाव, मग आठवड्यातल्या मयतांची नावं, आणि मग गाणी. त्या भागात हा कार्यक्रम ऐकल्याशिवाय शनिवारचं जेवण कुणी वाढत नसे.

‘‘एमरी,’’ डेलमार म्हणाला, ‘‘तळघर आवरत होतो, एक खोकं सापडलं. ‘गॅप हॉलोचे चौघे’. ‘तुझं कुत्रंही आता मला ओळखत नाही’ नावाचं गाणं आहे. तुझंच ना रे हे?’’

एमरीनं खुर्ची ओढून घेतली. ‘‘माझंच. लेबलावर नावं आहेत का वाजवणाऱ्यांची?’’

‘‘होती. चार वाचता येतात. पाचवं उंदरानं खाल्लंय.’’

‘‘तेच माझं.’’

‘‘असेल बाबा. शनिवारी लावतो. मयतांची यादी संपली की, म्हणजे साडेबाराच्या सुमारास. पण सांगून ठेवतो, चीर गेलीय तिला. एकदा वाजेल. दुसऱ्यांदाचं मी बोलत नाही.’’

एमरीनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ही बातमी शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितली.

‘‘हं,’’ ओनीटा म्हणाली. पण या वेळी ती तिथंच थांबली नाही. हात पुसत पुढं म्हणाली, ‘‘लावू दे. मी ऐकीन आणि ऐकून सांगीन.’’

छत्तीस वर्षांनी खटला सुनावणीला लागला होता.

आता अडचण एकच होती, ती म्हणजे रेडिओ. स्वयंपाकघरातला रेडिओ चांगला होता, पण गेला महिनाभर गाण्यावर ‘टक, टक, टक’ असा एक आवाज बसायचा. दर सेकंदाला एक टक. गाणारा विरहानं व्याकूळ होऊन गातोय आणि कुणीतरी त्याच्या कपाळावर टिचक्या मारतोय, असं ते ऐकू येई. एरवी दोघांना त्याची सवय झाली होती. पण निकालाच्या दिवशी न्यायाधीशाच्या कानात टकटक होऊन कसं चालेल? हा आवाज घालवायला पाच दिवस हातात होते. पाच दिवस म्हणजे भरपूर, असं एमरीला सोमवारी वाटलं.

मंगळवारी तो विनफर्डच्या दुकानात गेला. खिळे, बियाणं, रबरी बूट आणि सल्ले या चार वस्तू तिथं कायम मिळतात. त्यातली शेवटची मागावीही लागत नाही. विनफर्डनं स्वतः सांगितलं की रेडिओला मागून अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळ. शाळेतून निवृत्त झालेल्या मिस झोला काळा धागा घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, रेडिओ फ्रिजवर ठेव आणि तोंड चर्चकडे कर. एमरीनं घरी येऊन दोन्ही केलं. कागद गुंडाळल्यावर टकटक तशीच राहिली आणि गाणं तेवढं गेलं. फ्रिजवर ठेवल्यावर टकटकीला फ्रिजची घरघर मिळाली.

‘‘आता ढोलवाला आणि तंबोरा दोन्ही झाले,’’ ओनीटा म्हणाली. ‘‘बँड वाढतोय तुझा.’’

बुधवारी एमरीनं ठरवलं की हे काम रीतसर करायचं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा रीतसर या शब्दावर फार जीव असतो. तो गाडी काढून तालुक्याला वीज सोसायटीच्या कचेरीत गेला. काउंटरवर शार्लीन नावाची मुलगी होती. तिच्या जन्माचं अभिनंदनाचं कार्डसुद्धा एमरीनंच घरी पोचवलं होतं, पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून तिनं तीनपानी फॉर्म काढला.

‘‘आवाजाचं वर्णन सांगा, मिस्टर एमरी.’’

‘‘टक.’’

‘‘एवढंच लिहू? इथं चार ओळी दिल्यात.’’

‘‘मग चार वेळा लिही.’’

तिनं लिहिलं. ‘‘वीज गेल्यावरही हा आवाज येतो का?’’

‘‘बाळ, वीज गेल्यावर रेडिओच बंद असतो.’’

‘‘म्हणजे ‘माहीत नाही’. त्रास कुणाला होतो? माणूस, जनावर की पीक?’’

‘‘माणूस. नवरा.’’

‘‘नवऱ्याला रकाना नाही. ‘इतर’मध्ये टाकते.’’ मग तिनं कॅलेंडर पाहिलं. ‘‘आमचा माणूस जूनच्या तिसऱ्या मंगळवारी येईल.’’

‘‘मला या शनिवारी हवाय. गाणं आहे माझं.’’

‘‘मग तातडीचा फॉर्म भरावा लागेल. त्याला डॉक्टरची सही लागते.’’

एकतीस वर्षांत या कचेरीचं एक पाकीट एमरीनं कधी उशिरा आणलं नव्हतं. बर्फात आणलं, पुरात आणलं, एकदा तापात आणलं. त्यानं टोपी घातली आणि ‘‘तुझ्या आईला नमस्कार सांग’’ एवढंच म्हणून तो बाहेर पडला. अपमान झाला तरी आईला नमस्कार सांगायचा, अशी तिकडची रीत आहे.

गुरुवारी कार्लटन आला. हा कार्लटन कोरियाच्या लढाईत सैन्याच्या बिनतारी खात्यात होता. त्यामुळे रेडिओबद्दल तो बोलू लागला की लोक बसलेले असले तर उठून उभे राहत. त्यानं रेडिओभोवती एक चक्कर मारली.

‘‘तुझी एरियल तोकडी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आणि अर्थिंग कुठंय? अर्थिंग नसलेला रेडिओ म्हणजे पाया नसलेलं घर. कपडे वाळत घालायची तार लोखंडी आहे ना? ती जोड. आणि खाली मऊ मातीत एक गज ठोक, वर मिठाचं पाणी ओत. मीठ भरपूर. काटकसर करू नकोस.’’

अंगणात मऊ माती एकाच जागी होती, आणि ती मऊ होती कारण तिथं ओनीटानं पिओनीची फुलं लावली होती. दर वर्षी ती फुलं तिच्या आईच्या थडग्यावर जात. त्या रविवारी तिथला सजावटीचा सण होता. मे महिन्यात एका रविवारी सगळी नातीगोती स्मशानात जमतात, आपापली थडगी फुलांनी भरतात आणि तिथंच लांब टेबलं मांडून पोटभर जेवतात. एमरीला हे ठाऊक होतं. पण कार्लटन शेजारी उभा होता, हातात गज होता, आणि पुरुषाला अशा वेळी फुलं दिसत नाहीत.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. गाणं दुप्पट मोठं झालं, टकटक चौपट झाली. वर तारेवर ओल्या चादरी घातल्या की स्टेशन गायब होई, म्हणून ओनीटाला सगळे कपडे पुढच्या व्हरांड्याच्या कठड्यावर घालावे लागले. एमरीच्या हिवाळी लांब चड्ड्या, ज्या आजवर फक्त देवाला आणि ओनीटाला माहीत होत्या, त्या आता येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसू लागल्या. विनफर्ड तर मुद्दाम हॉर्न वाजवून गेला. आणि शुक्रवारी सकाळी पिओनींनी माना टाकल्या.

ओनीटानं वाफ्याशी वाकून एक फूल वर उचललं आणि सोडून दिलं. ओरडली असती तर एमरीला बरं वाटलं असतं.

‘‘मी तालुक्याला जाते,’’ ती म्हणाली. ‘‘आईसाठी कापडी फुलं आणायला. अठरा वर्षांत पहिल्यांदा.’’

‘‘ओनीटा, मी...’’

‘‘काही बोलू नकोस. गाणं चांगलं निघालं पाहिजे, एवढंच सांगते.’’

ती गेली आणि घरात त्या टकटकीशिवाय कुणी राहिलं नाही. एमरीला ते सहन होईना. तो रस्त्यापलीकडे हर्शल युबँक्सकडे कॉफी प्यायला गेला. हर्शल म्हणजे अकरा गाई, एक वाईट गुडघा आणि बायको गेल्यापासून सगळ्या गोष्टींना ‘‘असेल’’ म्हणणारा शेजारी. दोघं गोठ्यात उलट्या बादल्यांवर बसले. भिंतीवर एक लाल पेटी होती. गेल्या महिन्यात हर्शलनं कुरणाला विजेचं कुंपण केलं होतं, त्याची ती पेटी. ती दर सेकंदाला तारेत एक झटका सोडायची आणि म्हणायची, टक.

एमरीनं कप खाली ठेवला. घड्याळ काढलं. सेकंदकाटा बघत पेटीची टकटक मोजली.

‘‘हर्शल,’’ तो शेवटी म्हणाला, ‘‘महिनाभर तू माझ्या डोक्यात मेखा ठोकतोयस.’’

‘‘असेल,’’ हर्शल म्हणाला. मग सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं गुडघा चोळला. ‘‘बंद करायला हरकत नाही रे. पण बर्थाचं काय? ती रोज सकाळी तारेला नाक लावून बघते, चालू आहे का. इतक्या नेमानं तर मी प्रार्थनाही करत नाही.’’

बर्था ही हर्शलची सगळ्यात म्हातारी गाय. कळपाचे निर्णय तीच घेत असे.

‘‘तासभरच,’’ एमरी म्हणाला. ‘‘उद्या बारा ते एक. गुरांवर मी नजर ठेवतो, माझ्या खिडकीतून कुरण दिसतं. एक जरी बाहेर पडली तरी मी आणून घालीन. माझा शब्द.’’

‘‘तुझा शब्द म्हटल्यावर मग काय,’’ हर्शल म्हणाला.

शनिवार उजाडला तो अगदी बेतून काढल्यासारखा. सकाळीच बायकांनी स्मशान सजवून ठेवलं. ते चर्चच्या बाजूला, हर्शलच्या कुरणाला लागूनच होतं. ओनीटानं आईच्या थडग्यावर कापडी गुलाब मांडले आणि ती घरी येऊन रविवारच्या पाईंचं, म्हणजे फळं भरून भाजायच्या गोड पोळ्यांचं, पीठ मळायला बसली. एमरीनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बारा वाजता पलीकडून हर्शलनं हात वर केला. रेडिओतली टकटक थांबली.

महिनाभरानं असा आवाज आला की दोघांनीही मान वर केली. डेलमारनं कागद उलटला तोसुद्धा ऐकू आला. हवामान कोरडं होतं. गोऱ्ह्यांचे भाव स्थिर होते. मग डेलमारनं आवाज खाली आणला आणि मयतांची नावं सुरू केली. त्या आठवड्यात दोनच होती. शब्द दिला होता म्हणून एमरीनं खिडकीतून कुरणाकडे पाहिलं.

बर्था तारेशी उभी होती. तिनं नाक लावलं. थांबली. पुन्हा लावलं, यावेळी जरा जास्त वेळ. मग तिनं तार छातीनं वाकवली आणि एकेक पाय उचलत ती पलीकडे गेली. तिच्यामागून बाकीच्या दहा निघाल्या, वयाच्या क्रमानं. गवत सगळीकडे सारखंच होतं, पण शंभर पावलांवर लाल, पिवळी, जांभळी फुलं मांडून ठेवलेली होती. गाय झाली तरी तिलाही डोळे असतात.

एमरी उभा राहिला.

‘‘बस खाली,’’ ओनीटा म्हणाली. तिनंही पाहिलं होतं. ‘‘हर्शल बघेल.’’

‘‘हर्शलचा गुडघा...’’

‘‘एमरी, गाणं लागतंय.’’

रेडिओत डेलमार म्हणत होता, ‘‘आणि आता मंडळी, आपल्याच टकर्स गॅपचं एक जुनं रत्न...’’

एमरीनं रेडिओकडे पाहिलं, मग खिडकीकडे. छत्तीस वर्षं त्यानं या क्षणाची वाट पाहिली होती, आणि दिलेला शब्द जेमतेम एका दिवसाचा होता. पण शब्दाला वय नसतं, ही त्याची खोड.

‘‘तू ऐक,’’ तो म्हणाला. ‘‘जागची हलू नकोस. भिंत पडली तरी.’’ आणि तो धावला. एकोणसाठाव्या वर्षी धावण्याला जे काही म्हणतात, ते.

तो पोचला तेव्हा बर्था नेमकी त्याच्या सासूच्या थडग्याशी होती. सासूबाईंचं आणि एमरीचं कधी फारसं पटलं नव्हतं, पण तिच्या डोक्यावरचे गुलाब गाईनं खावेत इतकंही बिनसलं नव्हतं. कापडी निघाले म्हणून बर्था ते चावून चावून नाराजीनं बाहेर काढत होती. एमरीनं टोपी काढली आणि तिच्यासमोर हलवायला लागला. पलीकडून हर्शल लंगडत आला. त्याला इतका दम लागला होता की टोपी छातीशी धरून तो नुसता मान खाली घालून उभा राहिला. चर्चमधून ब्रदर लॉयल बाहेर आले. हे तिथले पाद्री. टेबलं मांडायला आले होते. गाय बिथरू नये म्हणून ते हळूहळू, दोन्ही हात पुढं पसरून, थडग्याकडे चालू लागले.

आता रस्त्यावरून हे दृश्य कसं दिसलं असेल, ते बघा. उताराच्या बाजूला गाई लपलेल्या. वर दिसतायत ती फक्त माणसं. एक टोपी हातात घेऊन थडग्याशी वाकलेला, दुसरा टोपी छातीशी धरून मान खाली घातलेला, आणि पाद्री हात पसरून उभे. त्या मुलखात मयत दिसली की गाडी चालवणारा माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो, टोपी काढतो आणि रेडिओ बंद करतो. ओळखीची मयत असो की परक्याची. न थांबणाऱ्याला लोक उत्तरेकडचा उपरा समजतात.

पहिला ट्रक लाँझो हक्सचा. खिडकी उघडी होती. आणि त्या खिडकीतून, लांबवरून, एका गिटारीचा रडका, ओढलेला सूर आला. एमरीचा हात हवेतच राहिला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो स्वतःच त्या खिडकीतून बाहेर येत होता. लाँझोनं थडग्याकडे पाहिलं, गाडी कडेला घेतली, टोपी काढली आणि आदरानं रेडिओ बंद केला.

‘‘लाव,’’ एमरी ओरडला. ‘‘लाँझो, लाव तो परत.’’

लाँझोनं मान खाली घातली. मागून विनफर्डची गाडी आली. तिच्यातूनही तेच गाणं येत होतं. गाडी थांबली, गाणं थांबलं. मग मिस झोला. मग टपालाची गाडी. मग गवताचा ट्रॅक्टर, त्यावर टेपरेकॉर्डरएवढा रेडिओ बांधलेला होता, तोही बंद झाला. बघता बघता नऊ गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या, आणि नवांतून एकेक करून एमरी स्टॅनफिलला लोकांनी आदरपूर्वक गप्प केलं.

तो धावत रस्त्यावर गेला. ‘‘लाव रे बाबा, माझं आहे ते,’’ तो लाँझोच्या खिडकीला धरून म्हणाला.

लाँझोनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ‘‘आहे, एमरी, तुझंच आहे. रड तू. रडलं की हलकं होतं.’’

‘‘कोण गेलं?’’ मागून विनफर्डनं हळूच विचारलं.

‘‘सासूच्या थडग्याशी होता.’’

‘‘ती जाऊन अठरा वर्षं झाली की.’’

‘‘काहींना उशिरा लागतं,’’ मिस झोला म्हणाल्या आणि रुमाल काढला.

तेवढ्यात उतारावरून बर्था वर आली, तोंडात एक कापडी गुलाब घेऊन, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं. लाँझोनं घाईघाईनं रेडिओ लावला. कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात लागली होती.

नऊ गाड्यांतली माणसं असल्यावर अकरा गाई कुरणात घालायला दहा मिनिटं पुरली. हर्शलनं पेटी सुरू केली. ‘‘तुझ्या शब्दाला मानलं बुवा,’’ तो म्हणाला आणि एमरीच्या पाठीवर थाप मारली. लाँझोनं ‘‘थोडं ऐकलं मी, छान होतं’’ असं सांगितलं. एमरीनं मान हलवली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर शेण होतं, टोपी एका गाईच्या पायाखाली गेली होती, आणि आयुष्यभर वाट पाहिलेल्या गाण्याचे चार सूर त्याच्या वाट्याला आले होते. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण घराकडे निघाल्यावर त्याची पावलं संथ झाली ती निराळ्या कारणानं. गाणं हुकलं ते हुकलं, पण निकाल अजून कळायचा होता.

ओनीटा टेबलाशी बसली होती. रेडिओ बंद होता. पीठ मळून झालेलं, पण पाई लाटायला घेतलेली नव्हती. एमरी दारातच उभा राहिला.

‘‘आईची फुलं?’’ तिनं विचारलं.

‘‘तीन वाचली. उरलेली बर्थाला आवडली नाहीत.’’

‘‘कापडी आहेत ती. आईलाही आवडली नसती.’’ तिनं लाटणं उचललं, परत ठेवलं. ‘‘ऐकलंस?’’

‘‘नाही. चार सूर.’’

‘‘हं,’’ ओनीटा म्हणाली. एमरीनं डोळे मिटून घेतले. मग ती बोलू लागली. ‘‘गाणं काही विशेष नाही. गाणारा नाकात गातो. त्याचं कुत्रं त्याला ओळखत नाही यात मला कुत्र्याची चूक वाटली नाही. पण दुसऱ्या कडव्याला स्टील गिटार उशिरा आली.’’

एमरीनं डोळे उघडले.

‘‘सगळे वेळेवर सुरू झाले,’’ ओनीटा म्हणाली, ‘‘ती अर्धा ठोका मागून आली. आली, आणि मग धावत जाऊन बाकीच्यांना गाठलं तिनं.’’

एमरी खुर्चीत बसला. ती गोष्ट त्यानं छत्तीस वर्षांत निदान चारशे वेळा सांगितली असेल. दुकानाची माडी, दोन गाणी, ओहायोला गेलेला गायक, सगळं सांगितलं असेल. पण दुसऱ्या कडव्याला त्याचा हात उशिरा पडला होता, आणि नंतर जिन्यात गायकानं त्याला त्यावरून फाडून खाल्लं होतं, हे त्यानं जगात कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या आईलाही नाही.

‘‘म्हणजे,’’ तो म्हणाला, ‘‘मी होतो हे तुला...’’

‘‘एमरी, दर रविवारी मी पियानोवर हात उचलून धरते आणि तू गाताना मागून येईपर्यंत थांबते. छत्तीस वर्षं. अख्खं चर्च माझ्यामुळे थांबतं, लोकांना वाटतं मला संधिवात आहे.’’ ती उठली, फडकं ओलं करून आणलं आणि त्याच्या शर्टावरचं शेण पुसायला लागली. ‘‘असं उशिरा जगात दुसरं कुणी येत नाही. पहिल्या अर्ध्या ठोक्यालाच ओळखलं मी.’’

‘‘एवढं वाईट वाजवलं का?’’

‘‘वाईट नाही. उशिरा.’’ पुसता पुसता तिचा हात थांबला. ‘‘ते शेवटचं जे होतं ना, गाणं संपल्यावर एकटी गिटार वाजते ते. ते छान होतं रे. तेव्हा मी तुला ओळखत नव्हते, याचं जरा वाईट वाटलं मला.’’

शर्ट पुसून झाल्यावरही तिनं फडकं बाजूला ठेवलं नाही.

तासाभरात दारावर मिस झोला आल्या. मयताचं घर असं समजून कुणीतरी त्यांच्या बहिणीला फोन केला होता, आणि एकदा भट्टीत गेलेली मक्याची डिश परत काढता येत नाही, म्हणून त्या ती घेऊन आल्या. मागोमाग लाँझोच्या बायकोकडून भाजलेलं डुकराचं मांस आलं. कार्लटननं बटाट्याचं काहीतरी आणलं आणि अर्थिंगचा गज कुठवर ठोकलाय ते बघून गेला. पाच वाजेपर्यंत टेबलावर जागा उरली नाही. कुणी मेलेलं नसताना इतकं चांगलं जेवण टकर्स गॅपमध्ये पहिल्यांदाच कुणाला मिळालं असेल.

जेवण अर्ध्यावर असताना डेलमारचा फोन आला. तबकडी वाचली होती. ‘‘एमरी, सगळे सांगतायत की तुझं ऐकायचं राहिलं,’’ तो म्हणाला. ‘‘पुढच्या शनिवारी परत लावून बघू का? फुटली तर फुटली.’’

एमरीनं फोन कानाशी धरून टेबलाकडे पाहिलं. ओनीटा मक्याची दुसरी वाढणी घेत होती आणि घेता घेता तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. कडवं दुसरं होतं. मधल्या एका जागी ती थांबली, अर्धा ठोका वाट पाहिली, आणि मग पुढं गेली.

‘‘नको, डेलमार,’’ एमरी म्हणाला. ‘‘मी ऐकतोय आत्ता.’’